अवतरण

नोल्सोयची शेवटची बोट बांधून झाली आहे
आणि मी हानुसच्या बारा वह्या घेऊन बसले आहे,
पेन्सिलीच्या, दमट, कडांना पाखरांच्या तेलाचे डाग.
तीस उन्हाळे तो रात्री दगडी बांधांत कोपरापर्यंत हात घालून
वादळपाखरं बाहेर काढायचा,
चिमणीएवढी, जुन्या लोकरीसारख्या वासाची.
पायात कडी. कडीवर आकडा. आकडा वहीत.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं, माझं काम उतरवून घेण्याचं.
एकाच फाइलीत मी आधी साध्या भाषेत लिहिते:
कुठली रात्र, वारा कुठून, कंदील कुणाच्या हातात.
मग कोडचा एक ठोकळा, जो वही वाचतो.
पुन्हा चार वाक्यं.
मग दुसरा ठोकळा, जो मोजतो.
पहिल्याने दिलेलं दुसऱ्याने घ्यायचं,
आग लागल्यावर बादल्या हातोहात जातात तसं.

मध्ये मात्र एक जण उभा असतो.
त्याला कुणी नेमलेलं नाही.
प्रत्येक बादलीत वाकून बघतो
आणि परस्पर ठरवतो, आत काय असेल.

मी दिलं ००४१७,
पलीकडे पोचलं ४१७.
डावीकडच्या शून्याला किंमत नसते
हे त्यालाही माझ्यासारखंच शाळेत शिकवलेलं.
हानुसची शून्यं किमतीसाठी नव्हतीच,
ती नावातली अक्षरं होती.
आणि ४१७ नावाचं दुसरंच पाखरू,
जुन्या मालिकेतलं, मांजराने नेलेलं,
त्या सकाळी माझ्या तक्त्यात अंडं घालून बसलं.

मी दिलं ३ई८,
म्हणजे तिसरा बांध, पूर्वेची बाजू, आठवं बीळ.
त्याने वाचलं: तीन, आणि पुढे आठ शून्यं.
तीस कोटी!
मार्यून म्हणाली, एवढी बिळं पाडली तर बेट बुडेल गं,
आणि कॉफी माझ्या कळफलकावर सांडली.

हसून झाल्यावर बारावी वही उघडली.
शेवटून दुसरं पान. आकड्याच्या रकान्यात आकडा नाही,
नुसतं
(आली नाही)

उघडणारा कंस दिसला की त्याला वाटतं, हा हुकूम आहे.
तो वाचत नाही, पाळायला धावतो.
पडद्यावर लाल ओळ उमटली:
‘आली’ नावाचं काम मला माहीत नाही.

कितीतरी वेळ मी त्या ओळीकडे बघत होते.

मग तोर्सहाव्नच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
हानुसला ऐकू कमी येतं, मी ओरडून विचारलं,
कोण आली नाही? पाखरू?
की सुन्वा, जी तुमच्याबरोबर कंदील धरायची?
तिकडे बराच वेळ रेडिओवरचं हवामान चालू होतं.
मग तो म्हणाला,
लिहिलंय तेवढंच आहे, बाई.

फोन ठेवताना मला माझी लाज वाटली.
मीही बादलीत वाकून बघत होते.

आता मी त्या दोन शब्दांना अवतरणचिन्हं घालते आहे.
एक जोडी पुरत नाही,
मधला तो दारातच कोट काढून घेतल्यासारखी ती काढून घेतो.
म्हणून आत आणखी एक, आतल्या अंगाची.
शून्यांनाही घातली. बिळांनाही.
सगळी फाइल चिन्हांनी अशी भरली आहे
की मार्यून विचारते, एवढं कोण बोलतंय?

अवतरण म्हणजे उतरणंच.
मध्यरात्र उलटली की, कुरव पक्षी झोपले की,
ती समुद्रावरून एकेक करत बांधावर उतरतात,
उजेड असला तर उतरत नाहीत.
मी खोलीतला दिवा घालवला आहे.
पडद्यावर तक्ता, तीनशे बारा ओळी,
तीनशे अकरा ओळींत आकडे,
सगळे आपापल्या शून्यांसकट,
आणि एका ओळीत
कंस, दोन शब्द, कंस.

पुढच्या ठोकळ्याला ते मोजता येत नाही.
त्याने ती ओळ वगळली
आणि मला तसं कळवलं.